प्रणय, अद्भुत, थरार आणि स्त्रीवाद : अलीकडच्या वाचनातला पैशाचा हिशेब

प्रेमकथेत पैशाचा उल्लेख आला की तिचा गोडवा जातो, असे मानणारे वाचक पुष्कळ आहेत. अलीकडे प्रेमकथा, अद्भुतकथा, थरारकथा आणि स्त्रीवादी लेखन असे सगळे माझ्या वाचनात एकापाठोपाठ आले. त्यांतली काही पुस्तके नव्याने हाती घेतलेली होती, तर काही जुनी पुन्हा काढलेली. आणि ती संपवल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. या चार प्रकारांत फरक कशाचा, असे कोणी विचारले तर प्रेम, जादू, खून आणि विचार असे उत्तर मी आता देणार नाही. नायिकेच्या हाती स्वतःचा पैसा आहे का, तो आला कुठून, आणि लेखिका त्याचा हिशेब वाचकापुढे मांडते की झाकून ठेवते, यावरून हे प्रकार मला वेगळे वाटू लागले आहेत. पुढे काही कादंबऱ्यांची रहस्ये उघड होतील. ज्यांना 'रिबेका' किंवा 'गॉन गर्ल' काहीही ठाऊक नसताना वाचायची आहे, त्यांनी तेवढे परिच्छेद सोडून पुढे जावे.

सुरुवात जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'पासून करते. ही कादंबरी १८१३ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. आजच्या कितीतरी प्रेमकथांचे मूळ जिच्यात शोधले जाते, त्या या कादंबरीत विवाहयोग्य पुरुष बहुधा आपल्या उत्पन्नाच्या आकड्यासह प्रवेश करतात. नायक डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड आहे. बेनेट कुटुंबाची मिळकत वर्षाला दोन हजारांची, पण वारसाहक्काच्या अटीमुळे ती पाच मुलींपैकी एकीलाही न मिळता कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार आहे. हा कॉलिन्स त्या पाचींतल्या एलिझाबेथला, म्हणजे नायिकेला, मागणी घालताना, प्रेमाच्या आणाभाका चालू असतानाच, तिच्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार पौंड आणि तेही आईच्या पश्चात येणार आहेत, हे तिला ऐकवून मोकळा होतो आणि लग्नानंतर यावरून आपण तिला कधीही बोलणार नाही, अशी हमीही देतो. हा प्रसंग हसून वाचण्यासारखा आहे यात शंका नाही; पण त्याने सांगितलेला आकडा खरा आहे आणि एलिझाबेथलाही तो ठाऊक आहे.

या वाचनात मला एलिझाबेथपेक्षा शार्लट ल्यूकस अधिक जवळची वाटली. सत्तावीस वर्षांची, दिसायला बेताची आणि स्वतःचा पैसा नसलेली ही मैत्रीण डोळे उघडे ठेवून कॉलिन्सशी लग्न करते. एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला एका गोष्टीचे नवल वाटते. घरात मोठी, प्रसन्न खोली रिकामी असताना शार्लटने रोजच्या बसण्यासाठी मागच्या बाजूची, कमी उजेडाची खोली निवडलेली असते. कारण हळूहळू एलिझाबेथच्या ध्यानात येते. बायकांची खोलीही तितकीच आकर्षक असती, तर रस्त्याकडच्या आपल्या खोलीतून कॉलिन्स सारखा उठून तिथे येऊन बसला असता. ऑस्टिन हे दोन वाक्यांत सांगते आणि पुढे निघून जाते. संसार म्हणजे काय तडजोड असते, हे सांगायला इतर कादंबऱ्यांना प्रकरणेच्या प्रकरणे लागतात.

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ साली करर बेल या टोपणनावाने आली. ती पूर्वी वाचली तेव्हा माळ्यावरची वेडी बायको आणि मोडलेले लग्न एवढेच लक्षात राहिले होते. या खेपेला मी प्रत्येक रकमेपाशी थांबले. लोवूडच्या शाळेत जेनला वर्षाला पंधरा पौंड मिळतात आणि थॉर्नफिल्डला शिक्षिका म्हणून तीस. ती मरणासन्न मामीला भेटायला निघते तेव्हा थॉर्नफिल्डचा मालक रॉचेस्टर तिच्यापुढे पन्नास पौंडांची नोट धरतो, वास्तविक त्याच्याकडे तिचे येणे फक्त पंधरा पौंडांचे असते. आपल्याकडे परत द्यायला मोड नाही, असे ती सांगते. मग तो तिला दहाच देतो आणि एवढे भरपूर झाले ना, असे विचारतो. त्यावर ती, पुरे आहेत, पण आता पाच पौंड तुमच्याकडे बाकी राहिले, असे उत्तर देते. माझ्या मते सबंध कादंबरीतला हा सर्वांत सुंदर प्रेमप्रसंग आहे, कारण मालक आणि नोकर यांच्यातले अंतर इथे दोघेही जण खेळून मोजतात, आणि मोजताना जेन एका पौंडाचेही मिंधेपण घेत नाही.

पुढे लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला रेशमी कपडे आणि दागिने घ्यायला घेऊन जातो, तेव्हा हीच जेन अस्वस्थ होते. सजवलेल्या बाहुलीसारखे जगणे तिला सोसवत नाही, म्हणून स्वतःचे काही उत्पन्न असावे या इच्छेने ती मदीरा बेटावरच्या काकांना पत्र लिहिते. कथानकाचा खरा सांधा इथे आहे. ते पत्र पोहोचते तेव्हा रॉचेस्टरच्या पहिल्या, माळ्यावर कोंडलेल्या बायकोचा भाऊ मेसन योगायोगाने त्या काकांकडेच उतरलेला असतो. लग्नाची वार्ता त्याच्या कानी पडते आणि तो भर विवाहसमारंभात येऊन उभा राहतो. थोडक्यात, आपल्याकडे आपला पैसा असावा एवढ्या एका इच्छेने तिचे खोटे लग्न मोडते. त्याच काकांकडून वारशाने आलेल्या वीस हजारांचे ती चार समान भाग करते, एक स्वतःला आणि तीन भावंडांना, आणि पाच हजारांची मालकीण होऊन परत जाते. तोवर रॉचेस्टरची दृष्टी गेलेली आहे आणि एक हातही. हा शेवट कित्येकांना अतिरंजित वाटतो. मला तो एका काटेकोर लेखिकेने दोन्ही पारडी समतोल केल्यासारखा वाटला.

याच घराच्या माळ्यावरून जीन ऱ्हीसची 'वाइड सारगॅसो सी' (१९६६) सुरू होते असे म्हणता येईल, जरी तिचा बराचसा भाग वेस्ट इंडीजमध्ये घडतो. ऱ्हीस स्वतः डॉमिनिका बेटावर जन्मलेली. ब्राँटेच्या कादंबरीत रॉचेस्टरला जमैकातल्या लग्नात तीस हजार पौंड मिळाल्याचा उल्लेख ओझरता येऊन जातो. ऱ्हीसने तोच आकडा उचलला आणि ते पैसे कोणाचे होते, हे विचारले. लग्नाआधी कोरा नावाची वृद्ध नातलग भांडते की अँटोनेटचे, म्हणजे रॉचेस्टरच्या त्या पहिल्या बायकोचे, सर्वस्व एका परक्या माणसाच्या हवाली होत आहे आणि कायद्याने तिच्यासाठी काहीही राखून ठेवलेले नाही. तिचे कोणी ऐकत नाही, तेव्हा ती आपल्या अंगठ्या रेशमी बटव्यात घालून त्या मुलीला देते. पुढे क्रिस्टोफीन ही दाई अँटोनेटला, पैसे घे आणि नवऱ्याला सोडून चालती हो, असा सल्ला देते, तेव्हा आपल्याकडे आता काहीच उरलेले नाही आणि इंग्रजी कायदाच तसा आहे, असे अँटोनेट सांगते. तीन मुलांची आई असूनही लग्न न केलेली क्रिस्टोफीन मात्र आपला पैसा आपल्यापाशी बाळगून आहे आणि हे ती अभिमानाने बोलून दाखवते. कादंबरीतला सगळा स्त्रीवाद मला या दोघींच्या संभाषणात मिळाला. नवऱ्याच्या निवेदनाचा मधला मोठा भाग मला काहीसा धूसर वाटला. त्याच्या मनातल्या गोंधळासाठी तो तसा लिहिला असेल, पण वाचताना दमछाक होते.

डॅफ्नी द्यु मॉरिएची 'रिबेका' (१९३८) दुकानात प्रेमकथांमध्येही ठेवतात आणि रहस्यकथांमध्येही. निवेदिकेला नाव नाही, पण तिला पगार आहे: एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून वर्षाला नव्वद पौंड. ती मॅक्सिम डी विंटरशी लग्न करून मँडर्ली या प्रचंड वाड्याची मालकीण होते आणि एके दिवशी सकाळच्या बैठकीच्या खोलीत तिच्या हातून चिनी मातीची एक लहानशी मूर्ती फुटते. ती काय करते? तुकडे गोळा करून टेबलाच्या खणात मागे दडवून ठेवते. पुढे मूर्ती नाहीशी झाल्याचा आळ नोकरावर येतो आणि तिला नवऱ्यादेखत सगळे कबूल करावे लागते. घरातली वस्तू आपलीच आहे, ती फुटली तर फुटली, हे तिला सुचतही नाही. इतक्या साध्या प्रसंगातून निर्माण केलेला ताण मला अलीकडच्या कोणत्याही थरारकथेत आढळला नाही. मॅक्सिमने पहिल्या बायकोला, रिबेकाला, गोळी घातली हे कळते, तेव्हा हीच मुलगी हादरत नाही. त्याचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते, या एकाच विचाराने तिला हायसे वाटते. लेखिकेने हे इतक्या शांतपणे लिहिले आहे की वाचकही नकळत खुन्याच्या बाजूने उभा राहतो.

गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'बद्दल (२०१२) इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते. अर्ध्यावर येणारी कलाटणी हुशारीची आहे, पण माझ्या लक्षात राहिला तो त्याआधीचा जमाखर्च. मंदीत नायिका एमी आणि तिचा नवरा या दोघांच्याही नोकऱ्या जातात, तिच्या नावे असलेल्या ठेवीतला मोठा हिस्सा तिचे आईवडील मागून घेतात, उरलेल्यातून नवरा आपल्या बहिणीबरोबर बार काढतो. पुढे पळून गेलेल्या एमीची रोकड लुटली जाते आणि केवळ त्या कारणाने तिला जुन्या प्रियकराला बोलवावे लागते. इतकी चलाख बाई शेवटी हातात रोकड नाही म्हणून अडकते, हा त्या पुस्तकातला सर्वांत खरा भाग आहे. शेवटचे शंभरेक पान मात्र ताणलेले वाटले.

आता अद्भुतकथा. उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) पैशाला जवळजवळ स्थान नाही. जादूगाराला गाव घर देते, अन्न देते, नावाडी त्याला फुकट पैलतीरी पोहोचवतो. हिशेब आहे तो वेगळ्या चलनातला. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर अवर्षण पडू शकते, आणि गर्वाने केलेल्या मंत्राची किंमत गेड या तरुण जादूगाराला स्वतःच्या सावलीच्या रूपाने मोजावी लागते. ही कल्पना मला फार आवडते. परंतु त्या जगात जादूची शाळा फक्त मुलांसाठी आहे, आणि बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट असते अशी तिथली म्हणच आहे. बावीस वर्षांनी, १९९० साली, ले ग्विनने त्याच जगात 'तेहानू' लिहिली आणि आधी वगळलेला सारा जमाखर्च आत आणला. मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात भेटलेली टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. शेत तिच्या ताब्यात आहे ते पुरुष वारस येऊन हक्क सांगेपर्यंतच. तिचा मुलगा समुद्रावरून परततो, जेवतो आणि आपले भांडे तिथेच ठेवतो. उचल म्हटल्यावर, स्वयंपाकघर हे बायकांचे काम, असे तिलाच ऐकवतो. ड्रॅगन आणि महाजादूगारांच्या जगात लेखिकेने न उचललेल्या भांड्याला एवढी जागा द्यावी, हे मला धाडसाचे वाटले.

शेवटी व्हर्जिनिया वुल्फचे 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९). लिहिण्यासाठी बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातले मत सर्वांना ठाऊक आहे. मला नवीन वाटले ते असे की निवेदिकेला ते पाचशे पौंड ज्या आत्याकडून मिळतात ती मुंबईत घोड्यावरून पडून वारलेली आहे. जेनचा पैसा मदीराहून, रॉचेस्टरचा जमैकाहून, वुल्फच्या निवेदिकेचा मुंबईहून. आपल्या नायिका मोकळ्या होतात खऱ्या, पण त्यांच्या मोकळिकीचा खर्च कोणीतरी कुठेतरी दूर भरत असतो, आणि ब्राँटे, ऱ्हीस, वुल्फ या तिघींपैकी तो प्रश्न उघडपणे विचारते ती एकटी ऱ्हीस. वुल्फने याच पुस्तकात ब्राँटेवर एक टीका केली आहे. जेन गच्चीवर उभी राहून बायकांच्या कोंडलेल्या आयुष्याबद्दल बोलत असते आणि मध्येच ग्रेस पूल या नोकराणीचे हसणे ऐकू येऊन तो विचार तुटतो. हा सांधा वुल्फला खटकला. पण ते हसणे ग्रेसचे नसून माळ्यावर कोंडलेल्या बायकोचे आहे, हे आठवले की तो तुटलेला सांधा मला अगदी योग्य ठिकाणी तुटलेला वाटतो.

*

प्रतिसाद

विवेचन आवडले, तरी प्रेमकथांची नियमित वाचक म्हणून एक आक्षेप नोंदवते. आपण मांडलेल्या हिशेबाने शार्लट ल्यूकस समजते, एलिझाबेथ समजत नाही. ती कॉलिन्सला नाकारते तेव्हा आईचे आणि बहिणींचे छप्परही नाकारत असते, आणि पुढे डार्सीला नाकारते तेव्हा दहा हजारांचे उत्पन्न. आकडे एवढ्या ठळकपणे दिलेले आहेत ते या दोन नकारांना वजन यावे म्हणून. प्रेमकथेत पैसा झाकलेला नसतो. तो नाकारता येतो की नाही, हे पाहण्यासाठी मांडलेला असतो. शिवाय तिचे मत बदलते ते डार्सीचा पेम्बर्लीचा वाडा पाहून नव्हे, जरी बहिणीशी बोलताना ती थट्टेने तसे म्हणते. वाड्यातली जुनी कारभारीण आपल्या धन्याबद्दल, तो नोकरांशी आणि गरिबांशी कसा वागतो याबद्दल, जे सांगते त्याने तिच्या मनातला बदल सुरू होतो. पैसा किती यापेक्षा पैसेवाला माणूस आपल्या हाताखालच्यांशी कसा आहे, हा प्रश्न या कादंबरीने प्रेमकथेला दिला. सुखान्त ठरलेला असतो म्हणून या प्रकाराला कमी लेखणाऱ्यांनी हेही पाहावे की शेवट माहीत असूनही वाचकाला चारशे पाने धरून ठेवणे हे सोपे काम नाही.

*

धागालेखिकेचे उत्तर

कारभारणीचा मुद्दा अगदी मान्य, आणि तो माझ्या म्हणण्याला पुढेच नेतो. त्याच्या जोडीला, एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया हिला पळवून नेणाऱ्या विकमचे प्रकरण ठेवून पाहावे. डार्सी त्याची हजाराहून अधिक पौंडांची देणी फेडतो, लिडियाच्या नावे आणखी हजार ठेवतो, त्याला सैन्यात जागा विकत घेऊन देतो आणि हे कोणाला कळू नये अशी व्यवस्था करतो. एलिझाबेथला ते कळते मामीच्या पत्रातून. ज्या कादंबरीत प्रत्येक जण आपले आकडे चारचौघांत मिरवतो, तिथे आकडा लपवणारा एकच पुरुष आहे, आणि त्याची दुसरी मागणी स्वीकारली जाते. सुखान्ताला कमी लेखण्याचा माझा हेतू नव्हता. तो ठरलेला नसता, तर मागच्या खोलीत बसलेली शार्लट मला इतकी टोचलीही नसती.

*

प्रतिसाद

'जेन एअर'च्या शेवटी पारडी समतोल होतात, असे आपण लिहिले आहे. भावनेच्या दृष्टीने ते पटते, पण कायद्याच्या दृष्टीने नाही. १८४७ च्या इंग्लंडमध्ये बाईने लग्न केले की तिची रोकड आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे, वेगळा विश्वस्तकरार केलेला असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे जेनचे पाच हजार, तिने करार केला नसेल तर, चर्चमधून बाहेर पडताना रॉचेस्टरचे झाले. अँटोनेटचे तीस हजार ज्या नियमाने गेले, त्याच नियमाने. फरक फक्त नवऱ्याच्या वागण्यात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे कायदे तिथे १८७० आणि १८८२ साली झाले, आणि त्यांतला दुसराच खऱ्या अर्थाने व्यापक होता.

१८८२ वरून आपल्या भाषेतले एक पुस्तक आठवते, जे या यादीत असायला हवे होते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' त्याच वर्षी पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल आधी फाशीची आणि नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीवर जे लिहिले जात होते, त्याने चिडून ताराबाईंनी हा निबंध लिहिला. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती पट आहे ते दाखवायचे, अशी त्याची रीत आहे. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत. वुल्फचा सूर संयमाचा आहे आणि राग लेखनाला बिघडवतो असे तिला वाटते. ताराबाईंचा निबंध वाचल्यावर ते मत तपासून पाहावेसे वाटते, कारण इथे रागच वाक्यांना वेग देतो, आणि त्या रागात विनोदही भरपूर आहे.

*

प्रतिसाद

'रिबेका'तल्या खुनाचे कारण आपण सांगितले नाही आणि तेच आपल्या मुद्द्याला सर्वांत पोषक आहे. आपल्याला होणारे मूल मॅक्सिमचे नसेल, पण नाव त्याचेच लावेल आणि उद्या मँडर्लीचे मालक होईल, असे रिबेका त्याला डिवचते. तो गोळी झाडतो ती इस्टेटीच्या वारसावर. हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटात मात्र रिबेका पडून, अपघाताने मरते, कारण बायकोचा खून करून नायक मोकळा सुटलेला दाखवणे तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत बसत नव्हते. त्या एका बदलाने निवेदिकाही निर्दोष ठरते, आणि माझ्या मते गोष्टीतला दंशच निघून जातो.

थरारकथेबद्दल आणखी एक. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांत शोध घेणाऱ्याला मिळालेला धागा वाचकापासून लपवू नये असा एक नियम आहे. 'गॉन गर्ल'मध्ये एमीची रोजनिशी खोटी निघते तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले नाही, कारण ती रोजनिशी पोलिसांसाठी लिहिलेली होती आणि वाचक त्या पोलिसांच्याच जागी बसलेला होता. अलीकडच्या कितीतरी थरारकथांत निवेदकाला सोयीस्कर विस्मरण होते आणि शेवटच्या प्रकरणात सोयीस्कर आठवण येते, ती पळवाट इथे नाही.

*

प्रतिसाद

'तेहानू'विषयी माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. आधीच्या पुस्तकांत ज्या गेडला आपण समुद्र ओलांडताना पाहिले, तो इथे शक्ती गमावून शेळ्या राखतो. लेखिकेला नवे काही म्हणायचे होते तर तिने नवे जग उभारायला हवे होते, जुन्या जगाला वीस वर्षांनी जाब विचारायला नको होता, असे वाचताना सतत वाटत राहिले. भांड्याचा प्रसंग मला लेखिकेने बोट दाखवून शिकवल्यासारखा वाटला.

*

धागालेखिकेचे उत्तर

बोट दाखवल्याची भावना मी समजू शकते. काही संवाद खरोखरच कादंबरीपेक्षा व्याख्यानाला शोभतील असे आहेत. पण नव्या जगात हे लिहून भागले नसते. शाळेत मुली का नाहीत, हा प्रश्न ज्या जगात वाचकाने वीस वर्षे विचारला नव्हता, तिथेच तो विचारायला हवा होता. भाजलेली, टाकून दिलेली मुलगी सांभाळणारी टेनार आणि शेळ्या राखणारा गेड यांच्या घरात कामाची वाटणी ज्या सहजपणे होते, तो भाग पुन्हा वाचून पाहावा, अशी विनंती करते. तिथे व्याख्यान नाही.

*

प्रतिसाद

अद्भुत आणि स्त्रीवाद एकत्र हवे असतील तर रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी इंग्रजी कथा अवश्य वाचावी. ती १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. त्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्यात असतात, बायका सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात आणि युद्धही त्याच उष्णतेने जिंकतात. कचेरीचे काम दोन तासांत उरकते, कारण पुरुष दिवसाला डझनभर चिरूट ओढण्यात सहा तास घालवत असत, असा तिथला हिशेब आहे. पैशाऐवजी वेळेचा जमाखर्च मांडणारी ही गोष्ट तासाभराच्या आत वाचून होते.

*

प्रतिसाद

यांतले मी काहीच वाचलेले नाही. कोणत्या क्रमाने घ्यावे, हे कोणी सांगेल का?

*

धागालेखिकेचे उत्तर

'वाइड सारगॅसो सी' 'जेन एअर'नंतरच वाचावी, अन्यथा तिसरा भाग कुठे घडतो आहे हेच उलगडणार नाही. 'तेहानू'च्या आधी अर्थसी मालिकेतली निदान पहिली दोन पुस्तके हवीत, कारण टेनार दुसऱ्यात भेटते. तिन्ही वाचली तर अधिक बरे, गेडची शक्ती तिसऱ्याच्या शेवटी जाते. ताराबाईंचा निबंध आणि 'सुलतानाज ड्रीम' केव्हाही घेता येतील. 'गॉन गर्ल'चे रहस्य या चर्चेत फुटलेच आहे, तेव्हा ती काही दिवस बाजूला ठेवावी. आणि 'रिबेका' शक्यतो 'जेन एअर'ला लागून घेऊ नये. मोठा वाडा, गरीब मुलगी, पहिली बायको आणि आग ही साम्ये मोजण्यातच निम्मे पुस्तक संपून जाते.